आयची हळद आणि माझं पळणं

सिनेमात माझी निवड झाली ती भांडणामुळे. मी दिसायला बरी होते म्हणून नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाडीतल्या बायकांनी भलतंच पसरवलं होतं. म्हशाच्या जत्रेत एक बांगडीवाला माझ्या हातात बांगडी चढवता चढवता फोडून बसला आणि वर फुटलेलीचेही पैसे मागायला लागला. मी कसली गप्प बसते! बाजूच्या घोंगडीवाल्यांनी धंदा सोडून तमाशा बघायला सुरुवात केली, इतकं तोंड सोडलं मी. त्या गर्दीत एक दाढीवाला शहरी माणूस उभा होता आणि माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं हा बांगडीवाल्याचाच कुणी असणार, म्हणून त्यालाही दोन शब्द ऐकवले.

तो हसला. म्हणाला, "कुठल्या वाडीची तू? घरी मोठं माणूस कोण आहे?"

हा माणूस सिनेमा काढणारा होता. मोठ्या कंपनीचा वगैरे नाही. स्वतःच्या आणि मित्रांच्या खिशातून जमेल तसा सिनेमा काढत होता. वाडीत आम्ही सगळे त्याला 'साहेब' म्हणायचो. त्याला ते आवडत नसे आणि तरी आम्ही म्हणायचोच.

आमची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याच्या जंगलात. नव्वदचं दशक संपत आलेलं. विजेचे खांब आलेले, वीज यायची होती. मी आश्रमशाळेत नववी संपवून मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलेली. बा नुकताच वीटभट्टीवरून परतलेला, आणि आय करवंदं, जांभळं जे हाताला लागेल ते पाटीत भरून धसईच्या बाजारात नेऊन विकायची. अशात साहेबांची जीप वाडीत आली. जीपमध्ये कॅमेरा, पांढरे थर्माकोलचे मोठमोठे पत्रे, चार-पाच पोरं आणि पॅन्ट घातलेली एक ताई. ती ताई साहेबांचा उजवा हात होती. वाडीतली कुत्री आठवडाभर तिच्याच पॅन्टवर भुंकत होती.

सिनेमाची गोष्ट ताईने मला झाडाखाली बसवून सांगितली. एक आदिवासी पोरगी असते, पंधरा वर्षांची. तिला शिकायचं असतं. घरचे तिचं लग्न ठरवतात. हळद लागते, मांडव सजतो, आणि ऐन लग्नात ती मांडवातून पळून जाते, शेतं तुडवत थेट रस्त्यापर्यंत. तिथे सिनेमा संपतो.

"पळून कुठं जाते?" मी विचारलं.

"शाळेत. म्हणजे... ते आपण दाखवत नाही."

"का नाय दावत?"

ताई म्हणाली, ते प्रेक्षकांनी ठरवायचं. मला हे काही पटेना. पोरगी तुमची, गोष्ट तुमची, आणि ती कुठे गेली ते लोकांनी का ठरवायचं? शिवाय आमच्याकडे पोरीला विचारल्याशिवाय कुणी लग्न ठरवत नाही. पोरगी नको म्हणाली की पाहुणे पाणी पिऊन परत जातात. मग ही बया आयशीला तोंडाने का सांगत नाही, धावत कशाला सुटते? हे मी साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "ती फार बोलत नाही. तिचं सगळं डोळ्यांतून दिसतं."

पूर्ण सिनेमात मला बोलायला वाक्य म्हणून नव्हतं. भांडताना बघून निवडलं आणि सिनेमात मुकी ठेवली! मी चार दिवस सगळ्यांना हेच सांगत फिरत होते.

पण मजा यायची, खोटं कशाला बोलू. नदीवरून हंडा घेऊन यायचं, साहेब 'कट' म्हणाले की पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा भरायला जायचं. आयला ते पाणी ओतणं बघवायचं नाही. मे महिन्यात पाणी किती खाली गेलेलं असतं! ती ओतलेल्या जागी कारल्याचा वेल लावून मोकळी झाली. मला रोज नवे प्रश्न पडायचे. सकाळची गोष्ट आधी आणि संध्याकाळची नंतर, असं का काढत नाहीत? माझ्या तोंडावर थर्माकोल धरला की ऊन कसं येतं? आणि हे दाढीवाले साहेब सारखे 'रीळ संपेल, रीळ संपेल' करत का हिंडतात? ताईने सांगितलं की रीळ म्हणजे कॅमेऱ्याचं खाणं, ते फार महाग आणि मोजकंच आणलंय, म्हणून एकदा चुकलं की चुकलं. त्यानंतर मी चुकायची बंद झाले.

सिनेमातली आय म्हणून साहेबांनी माझ्याच आयला घेतलं. ती कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. भात कांडायला लावलं, कांडलं. दारात बसून वाटेकडे बघ म्हणाले, बसली. तिला फक्त एकच शंका होती, की नुसतं बसण्याची मजुरी कशी काय देतात.

मग मांडवाचा दिवस ठरला. साहेबांनी वाडीतल्या माणसांना मजुरीवर मांडव घालायला सांगितलं. जीपमधली पोरं म्हणाली, "कुठलंही लाकूड चालेल, लांबून शूट करायचंय." बाकीच्यांनी जवळचं ऐनाचं झाड तोडलं, जांभळाचे डहाळे आणले. एकटा माझा बा कोयता घेऊन सकाळीच गडाच्या बाजूला निघून गेला आणि दुपारी उंबराची मेढ खांद्यावर घेऊन आला. आमच्यात खऱ्या लग्नाच्या मांडवाला मधोमध उंबराची मेढ, म्हणजे मुख्य खांब, लागते. ती त्याने स्वतः खड्डा खणून पुरली. मी बघितलं, आणि सोडून दिलं. तेव्हा माझ्या डोक्यात उद्याची हळद होती. ताईने नवी हिरवी साडी आणली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत सगळे तयार. मला पाटावर बसवलं. समोर वाटीत हळद कालवलेली. आमच्या वाडीची धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी म्हातारी, मांडवाच्या कडेला बसलेली. आमच्यात भट नसतो, लग्न तीच लावते. साहेबांनी तिला नुसतं बसायला सांगितलं होतं, गायचं नाही. खोट्या लग्नाला ती खरं गाणं म्हणणार नाही, हे तिने आधीच ठणकावलं होतं. साहेब कॅमेऱ्याशी. ते आयला म्हणाले, "मावशी, आता वाटीतली हळद घ्यायची आणि हिच्या गालाला लावायची. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

आय जागची हलली नाही.

"मावशी, हळद."

आयने दोन्ही हात पाठीमागे घेतले. लहान पोर मार चुकवताना घेतं तसे. म्हणाली, "मला नाय लावता येत हो साहेब."

"अहो, सोप्पं आहे. नुसतं बोट..."

"तसं नाय. मला नाय चालत."

साहेबांना कळेना. ताईला कळेना. मलाही कळेना, आणि मी तर तिची पोटची पोर! मांडवातले बाकी सगळे एकदम जमिनीकडे बघायला लागले. म्हणजे यांना सगळ्यांना माहीत होतं. मला अशा वेळी जे होतं तेच झालं, डोकं फिरलं. मी पाटावरून उठले आणि धवलेरीपुढे जाऊन उभी राहिले.

"काय चाललंय? आयला का नाय चालत?"

म्हातारीने तंबाखू मळता मळता सांगून टाकलं. "तुज्या आयचं लगीन नाय झालेलं गो. जिला हळद नाय लागली, ती दुसऱ्याला कशी लावनार? आणि आयशीला लागल्याबिगर पोरीला तर मुळीच नाय लागत."

मी हसले. मला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मग आयचं तोंड बघितलं आणि हसू तिथेच राहिलं.

आमच्यात हे असतं. दोघांची मनं जुळली, घरच्यांनी हो म्हटलं, पण लग्नाचं जेवण, ताडी, मांडव एवढं जमलं नाही, तर पोरगी तशीच नांदायला येते. कुणी नावं ठेवत नाही. पोरंबाळं होतात, संसार होतो. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. आणि पोरांच्या लग्नाची वेळ आली तरी जमलं नसेल, तर आधी आईबापाचं लग्न त्याच मांडवात लावतात आणि मग पोरांचं. वाडीत अशी लग्नं मी पोटभर जेवले होते. डोक्याचे केस पांढरे झालेल्या नवरदेवांना बघून आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. आपल्याच घरात तसा नवरदेव बसलाय, हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. कुणाचंही लग्न असो, आय मागच्या बाजूला तांदूळ निवडत बसलेली असायची. बायका हळद लावायला पुढे गेल्या की ती चुलीकडे जायची. मी एकदा तिला हाताला धरून ओढलं होतं, "चल ना, समद्या लावतायत," तर ती म्हणाली, "मला नाय आवडत ते पिवळं पिवळं." आणि मी विश्वास ठेवला! मला वाटायचं माझी आय कामसू आहे, तिला बसवत नाही. इतकी वर्षं ती चुलीच्या धुरात बसून मांडवाकडे बघत होती आणि मला एवढं साधं कळू नये. आयचा राग आला, बाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या हिरव्या साडीचा, जी आयच्या आधी माझ्या अंगावर होती.

साहेब बिचारे गडबडले. ऊन वर चढत होतं. ताईने तोडगा काढला. हळद नकोच, बेसन कालवू, कॅमेऱ्यात पिवळंच दिसेल. मग तर चालेल ना? धवलेरी म्हणाली, बेसनाला काय, भजी तळा नायतर गालाला लावा. सगळे हसले. कुणीतरी बेसन आणायला धावलं. आणि आय, माझी आय, मान हलवून म्हणाली, "हां, बेसन चालल."

ती जे 'चालल' म्हणाली ना, ते मला सहन झालं नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा पोरीच्या गालाला पिवळं लावायला मिळणार होतं, मग ते बेसन का असेना. तिचे डोळे चमकले होते. मी बघितलं.

मी पाट उचलला आणि बाजूला ठेवला. "मी बेसन नाय लावून घेनार. आणि मी पळनार पण नाय. आदी आयचं लगीन लावा. मांडव हाय, हळद हाय, म्हातारी हाय. मग काय तुमचं पळापळीचं ते करते."

"उद्या लावू की," साहेब म्हणाले. "आज आधी सीन, उद्या खुशाल लग्न. कॅमेरा जीपने जाईल, मी एकटा थांबतो."

धवलेरीने तंबाखू थुंकली. "ज्या मांडवातून नवरी पळाली त्या मांडवात लगीन? खोटी का असंना. तो मांडव मोडायचा असतो. लावायचं तर आदी, नायतर नाय."

तर असा पेच. आधी लग्न लावायचं तर सकाळचं ऊन जाणार, आणि साहेबांची जीप संध्याकाळी परत जायची होती. जीप भाड्याची होती. साहेब डोक्याला हात लावून जीपच्या सावलीत जाऊन बसले. मला त्यांची दया आली नाही असं नाही, पण आली तरी मी बधणार नव्हते.

आणि खरी अडचण साहेब नव्हतेच. खरी अडचण बा होता.

"लोकांच्या मांडवात मी नवरा होनार नाय," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, तो कधीच चढवत नाही. "सिनेमावाल्यांच्या भातावर माझं लगीन? मला जमंल तवा मी लावीन." एवढं बोलून तो कोयता उचलून ओढ्याकडे चालता झाला.

आय बेसनाची वाटी घेऊन उभी होती. कुणाच्या तरी पोराने आणून तिच्या हातात दिली होती.

मी बाच्या मागे गेले. हिरवी साडी कमरेला खोचून, तापलेल्या दगडांवरून. ओढा कोरडा होता, मध्ये एक डबकं तेवढं राहिलेलं. बा तिथे बसून कोयता दगडावर घासत होता. त्या कोयत्याला आधीच इतकी धार होती की हजामत झाली असती.

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आयला बेसनावर भागवायला लावतोस, लाज वाटत नाय का, इतकी वर्षं भट्टीवर राबून कुणाची घरं बांधलीस, असं बरंच. तो ऐकत होता. त्याच्यावर काही परिणाम होत नाही, हे बघून मी आणखी चिडत होते. मग बोलून बोलून दमले आणि गप्प बसले. आणि गप्प बसल्यावर मला ती मेढ आठवली.

"बा," मी म्हटलं, "तू उंबर कशाला आनलास?"

कोयता थांबला.

"कुठलं पन लाकूड चालनार होतं. समद्यांनी ऐन आनला. तू गडापातूर जाऊन उंबर कशाला आनलास?"

तो डबक्याकडे बघत राहिला. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. भांडायचं म्हणून नव्हतं विचारलं. माझा बा, ज्याला मी जन्मापासून बघतेय, तो एकटा गडावर जाताना मनात काय घेऊन गेला असेल? त्याने ती मेढ खांद्यावर आणली, पुरली, वरून पाणी घातलं, आणि कुणाला एक शब्द बोलला नाही. आय तेव्हा दारातून बघत होती. त्या दोघांमध्ये त्या वेळी काय चाललं होतं, आणि मी मध्ये साडीची घडी मोडून बघत होते!

"मांडव बिनउंबराचा बरा नाय दिसत," तो शेवटी म्हणाला. पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही. मान खाली घालून हसला. तरणा असताना कसा दिसत असेल ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

मग तो उठला. वर मांडवात आला तो थेट साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मांडवाची मजुरी मी घेत नाय. मांडव माझा. भात मी घरचा काढतो, असंल तेवढा. माझ्या मांडवात तुमी तुमचा सिनेमा काढा. पन माझं झाल्यावर."

साहेबांनी वर बघितलं, सूर्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "काढतो." त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. त्याने कॅमेऱ्यावर ओला टॉवेल घातला आणि मांडवाच्या कडेला मांडी घालून बसला. ताई धावत जाऊन तांदूळ निवडायला बसली, आयच्या जागेवर.

हिरवी साडी मी सोडून आयला दिली आणि स्वतः शाळेचा फ्रॉक घातला. आय घरात जाऊन नेसायला इतका वेळ लावत होती की बायका दारातून थट्टा करायला लागल्या. "लाजतेय गो नवरी!" "नवरा पळंल तुजा!" ती बाहेर आली तेव्हा तिने पदर असा पुढे ओढला होता की तोंडच दिसेना. धवलेरीने गाणं धरलं. आमची लग्नाची गाणी लांबलचक असतात, त्यात डोंगर येतात, धान्याची देवी कणसरी येते, उंबर येतो, सगळ्यांना बोलावणं जातं. साहेब अधूनमधून सूर्य बघत होते. म्हातारीने एकही कडवं सोडलं नाही. वाडीतल्या एकेक बाईने पुढे होऊन आयच्या गालाला, हाताला, पायाला हळद लावली. माझ्या वयाची, लग्न झालेली एक मैत्रीणसुद्धा लावून गेली. आयने आपले पिवळे हात उलटसुलट करून बघितले. मग पुन्हा बघितले.

बाला हळद लावताना तो एवढंच म्हणाला, "पुरे, पुरे, खर्च होईल," आणि सगळे खो खो हसले.

उष्टी हळद कुणालाही लावता येते. आयने वाटीत बोटं बुडवली आणि माझ्याकडे आली. आता तिला हात मागे घ्यायचे नव्हते. दोन्ही हातांनी तिने माझे गाल असे माखले की डोळ्यांत गेली. मी रडत होते, ते हळदीमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं. हळदीने डोळे चुरचुरतात, विचारा कुणालाही.

दुपार टळली होती. साडी परत माझ्या अंगावर आली. शेवटचं रीळ कॅमेऱ्यात घातलं. साहेबांनी पुन्हा एकदा समजावलं, की मी मांडवातून उठून शेताकडे पळत सुटायचं, मागे वळायचं नाही. आणि आयने मांडवात उभं राहून बघायचं आणि रडायचं. पोरगी हातची गेली म्हणून. ताईने आयच्या डोळ्यांत रडण्याचं औषध घातलं. "मावशी, पोरगी पळाली. आता ती परत येणार नाही. असं मनात आणा."

"आनते," आय म्हणाली.

मी पळाले. सुकलेल्या शेतांची ढेकळं पायाला लागत होती, बांधावर ठेचकाळले, तरी पळत राहिले, कारण रीळ एकच होतं. मागे 'कट' ऐकू आलं आणि त्यापाठोपाठ साहेबांचा 'अरे देवा!' मी धापा टाकत परत आले तर साहेब दोन्ही हातांनी डोकं धरून उभे आणि आय तोंडाला पदर लावून उभी. तिच्या डोळ्यांतून औषधाचं पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती हसत होती. मी पळाले तशी हसत होती. साहेब ओरडले 'रडा', तरी हसत होती. काय करणार ती? नुकतंच तिचं लग्न झालं होतं.

दुसरं रीळ नव्हतं. जीप गेली.

सिनेमा पुरा व्हायला दोन हजार साल उजाडून गेलं. मी तोवर दहावी होऊन शहापूरला वसतिगृहात राहून कॉलेजला लागले होते. पळून नाही, एसटीने, आय-बाला सांगून. साहेबांनी शहापुरातल्याच एका हॉलमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरवलं. वाडी टेम्पोतून आली. आमच्या पुढच्या रांगांत मुंबई-ठाण्याकडची शिकलेली माणसं बसलेली. सिनेमातल्या पोरीने पाणी आणलं, भात कांडला, दिवा लावून अभ्यास केला, सगळं डोळ्यांनी बोलली. मला तिचा मधून मधून राग येत होता. आणि मग मांडव आला, आणि ती पळाली. पडद्यावर ती मोठी मोठी होत पडद्याबाहेर निघून गेली आणि मागे मांडवात तिची आय उभी, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि तोंडभर हसतेय. सिनेमा संपला.

दिवे लागल्यावर लोकांनी प्रश्न विचारले. पुढच्या रांगेतली एक बाई उठली. म्हणाली, सगळ्या सिनेमात मला सर्वात आवडलं ते त्या आईचं हसणं. मुलगी लग्नातून पळतेय आणि आईला मनातून आनंद होतोय, तिला स्वतःला जे मिळालं नाही ते मुलीला मिळेल म्हणून. हे तुम्हाला कसं सुचलं?

साहेबांनी दाढी खाजवली. ते काहीही ठोकून देऊ शकले असते. पण ते म्हणाले, "मला नाही सुचलं. त्या इथेच आहेत, त्यांनाच विचारा."

सगळे मागे वळले. आयने माझं मनगट धरलं. "काय म्हनते ती बाय?"

"तू का हसलीस इचारते."

आय उभी राहिली. एवढ्या लोकांपुढे ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. बाने तर तिचा पदर धरून खाली ओढायला सुरुवात केली होती.

"माझं लगीन झालेलं हो त्या दिशी," ती म्हणाली. "आदी माझं, मंग हिची पळापळ. हिचं खोटं होतं. माझं खरं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग साहेबांनी थोडक्यात सांगितलं, आणि ती बाई "अय्या!" म्हणून खाली बसली. हॉलभर हसू पसरलं. चांगलं हसू होतं ते. बाचं तोंड लाल झालं. तो छताकडे बघत होता.

लोक उठायला लागले. आय तशीच बसून. मला म्हणाली, "परत दावतील का गो?"

"का? बघितलास की आता."

"मी तुलाच बघत बसले," ती म्हणाली. "ठेचकाळलीस ना बांधावर, तिकडंच लक्ष गेलं. माझं बघायचं राहिलं."

मशीनवाला रिळं डब्यात भरत होता. मी जाऊन सांगितलं, शेवटचं रीळ परत लाव. तो म्हणाला, "आता? झालं की. टाइम संपला हॉलचा." म्हशाच्या जत्रेनंतर इतकं तोंड मी कुणाशीच केलं नव्हतं. साहेब लांब उभे राहून ऐकत होते आणि मध्ये पडत नव्हते. शेवटी मशीनवाल्याने डबा उघडला.

दिवे गेले. पडद्यावर मी पुन्हा पळाले. मागे आय हसत उभी राहिली, हिरव्या साडीतल्या माझ्या पाठीमागे, पिवळीधमक. माझ्या शेजारच्या आयने झटकन पदर तोंडावर घेतला आणि वर हात धरला.

बा तिच्या पलीकडे बसला होता. अंधारात तो हळूच म्हणाला, "हात काढ गो तोंडावरचा. नीट बघ."